संग्राहकांचे प्रश्न : केपाची जुनी रिव्हॉल्व्हर

या वेळी सदराकडे आलेल्या पत्रांतील बरीच पत्रे एकाच विषयाची निघाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर प्रचलित असलेली, सिलिंडरच्या पुढच्या तोंडातून काळी दारू आणि शिशाची गोळी भरून मागे आपटल्यावर ठिणगी देणारी तांब्याची छोटी टोपी, म्हणजे केप, लावायची, अशी ही रिव्हॉल्व्हर आहेत. पत्रे भारताबाहेरच्या वाचकांची अधिक आहेत आणि ते स्वाभाविक आहे, कारण ही हत्यारे मुख्यतः अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये बनली आणि ती जमवण्याचा व चालवण्याचा छंदही तिथेच वाढला. सर्व पत्रांना स्वतंत्र उत्तरे देणे शक्य नसल्याने सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी न्यू जर्सीत एडिसन येथे राहतो. पॅटरसनच्या संग्रहालयात सॅम्युएल कोल्टच्या पहिल्या कारखान्यातील रिव्हॉल्व्हर पाहिल्यापासून असे एखादे आपल्याजवळ असावे आणि ते चालवूनही पाहावे, असे वाटू लागले आहे. सुरुवात मूळ वस्तूने करावी की प्रतिकृतीने, आणि कोणते मॉडेल घ्यावे?

उत्तर : आपल्या एका वाक्यात दोन इच्छा आहेत आणि त्या दोन वेगळ्या वस्तूंनी पुऱ्या कराव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. जमवायची ती मूळ वस्तू आणि झाडायची ती प्रतिकृती. मूळ रिव्हॉल्व्हर झाडता येतच नाही असे नव्हे. अनेक जाणकार ती जपून झाडतात आणि स्पर्धांतही उतरवतात. परंतु दीडशे वर्षांपूर्वीच्या लोखंडात आत कुठे तडा आहे, कोणती स्प्रिंग शेवटच्या घटका मोजते आहे, हे बाहेरून दिसत नाही. आणि एक मूळ निपल (ज्यावर केप बसते ती बारीक नळी) तुटून त्या जागी नवा बसवला, की संग्राहकाच्या दृष्टीने त्या वस्तूचे जे नुकसान होते ते भरून येत नाही.

पॅटरसनची रिव्हॉल्व्हर आपण संग्रहालयातच पाहावीत. कोल्टला अमेरिकी पेटंट 1836 साली मिळाले, त्याच वर्षी तो कारखाना उभा राहिला आणि 1842 साली बुडाला. तिथला माल इतका थोडा उरला आहे की त्याच्या किमती सामान्य संग्राहकाला झेपणाऱ्या नाहीत. त्यानंतरचे 1847 चे वॉकर मॉडेलही तसेच दुर्मिळ आहे. टेक्सास रेंजर्समधील कॅप्टन सॅम्युएल वॉकर यांच्या सूचनांवरून ते बनले. कोल्टकडे तेव्हा स्वतःचा कारखानाच नव्हता, म्हणून ते एली व्हिटनी यांच्या मुलाच्या कारखान्यात तयार करून घेण्यात आले, आणि एकूण नग निघाले सुमारे 1,100. वजन दोन किलोच्या आसपास, आणि प्रत्येक कप्प्यात 60 ग्रेनपर्यंत दारू मावत असे. त्या काळच्या लोखंडाला एवढा जोर सोसवला नाही आणि अनेक सिलिंडर फुटले; पुढच्या ड्रॅगून मॉडेलमध्ये सिलिंडर आखूड करून दारूची मात्रा कमी केली ती याच अनुभवामुळे. प्रतिकृती घेतानाही ही हकीकत लक्षात ठेवावी, कारण वॉकरची प्रतिकृती घेऊन पहिल्याच दिवशी कप्पे काठोकाठ भरणारे उत्साही लोक कमी नाहीत.

मूळ वस्तूच हवी असेल तर 1849 च्या पॉकेट मॉडेलकडे पाहावे. 0.31 इंच व्यासाचे हे लहान रिव्हॉल्व्हर तीन लाखांहून अधिक संख्येने बनले, त्यामुळे ते आजही बऱ्या स्थितीत सापडते. दिखाऊ नसल्याने नवे संग्राहक त्याला नाक मुरडतात, पण कोल्टच्या कामाचा दर्जा अभ्यासायला त्याच्याइतकी स्वस्त शाळा दुसरी नाही. त्यावरची पायरी 1851 चे नेव्ही आणि 1860 चे आर्मी. आर्मी मॉडेल सुमारे दोन लाख बनले आणि त्यांतील सव्वा लाखाहून अधिक अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या सरकारने घेतले. म्हणजे बाजारात येणारे बहुतेक नग सैन्यात राबलेले असतात आणि त्यांच्या अंगावर ते दिसतेही.

झाडण्यासाठी प्रतिकृती घेताना ती बहुधा इटलीतील ब्रेशिया प्रांतातल्या गार्दोने व्हाल त्रोम्पिया या गावाच्या परिसरातली असेल. तिथे शतकानुशतके बंदुका बनत आल्या आहेत आणि 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी मागणीमुळे तिथल्या कारागिरांनी केपाची रिव्हॉल्व्हर पुन्हा घडवायला घेतली. उबेर्ती, पिएत्ता आणि पेदेरसोली ही तिथली परिचित नावे. पितळी सांगाड्याचे मॉडेल स्वस्त मिळते, पण ते टाळावे. पूर्ण मात्रेचे बार काढत राहिल्यास पितळ हळूहळू दबते आणि सांधे ढिले होतात. कोल्टच्या रचनेत सिलिंडरच्या वर काही नसते आणि नळी एका पाचरीने अडकवलेली असते, तर रेमिंग्टनच्या सांगाड्याला वरून पट्टी असल्याने तो अधिक ताठ असतो. कोल्टचे नेम धरायचे मागचे दर्शक म्हणजे घोड्याच्या (केपेवर आदळणाऱ्या हातोडीच्या) टोकावरची एक खाच. निशाण पंचवीस मीटरवर असेल तर त्या खाचेतून नेम धरलेली गोळी बहुधा बरीच वर जाते, कारण ती दर्शके लढाईतल्या लांब पल्ल्यासाठी बसवली होती. निशाणबाजीचीच आवड असेल तर रेमिंग्टन घ्यावे, किंवा त्याहून चांगले म्हणजे रॉजर्स अँड स्पेन्सर. हे 5,000 नगांचे मॉडेल 1865 साली सैन्याकडे पोहोचले तेव्हा युद्ध संपत आले होते, त्यामुळे ते वाटलेच गेले नाही आणि 1901 साली जवळजवळ कोरे असे जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला विकले गेले. युरोपातील स्पर्धक आजही त्याची प्रतिकृती पसंत करतात.

कायद्याबद्दल एक सूचना. अमेरिकेच्या 1968 च्या संघीय कायद्यानुसार 1898 पर्यंत बनलेली हत्यारे आणि तयार काडतूस न वापरणाऱ्या त्यांच्या प्रतिकृती पुराणवस्तू ठरतात, म्हणून शेजारच्या राज्यातला मित्र आपल्याला 'काही लागत नाही, टपालाने मागव' असे सांगेल. न्यू जर्सीत मात्र झाडता येणाऱ्या केपाच्या रिव्हॉल्व्हरलाही इतर पिस्तुलांसारखाच खरेदी-परवाना लागतो. पैसे भरण्याआधी आपल्या गावच्या पोलीस खात्याकडून ही बाब समजून घ्यावी.

प्रश्न : कोल्टच्या 1851 च्या रिव्हॉल्व्हरला 'नेव्ही' का म्हणतात? ते तर घोडदळानेच अधिक वापरले.

उत्तर : त्याच्या सिलिंडरवर कोरलेल्या जहाजांच्या लढाईमुळे. 16 मे 1843 रोजी टेक्सासच्या आरमाराने मेक्सिकोच्या आरमाराशी कांपेचेजवळ जी झुंज दिली तिचे ते दृश्य आहे आणि ते नक्षीकार वॉटरमन ऑर्म्सबी यांनी तयार केले. टेक्सासच्या आरमाराने कोल्टची पॅटरसन रिव्हॉल्व्हर विकत घेतली होती, त्या उपकाराची ही फेड. पुढे 0.36 इंच व्यासालाच 'नेव्ही' आणि 0.44 ला 'आर्मी' म्हणण्याची पद्धत पडली. तेच आरमारी दृश्य 1860 च्या आर्मी मॉडेलवरही आहे, त्यामुळे नावावरून कोणी काही सिद्ध करू लागले तर ऐकून घ्यावे आणि सोडून द्यावे.

प्रश्न : इंग्लंडमध्ये वुल्व्हरहॅम्प्टनला राहणाऱ्या माझ्या काकांनी लिलावात एक 54 बोअरचे ब्यूमाँट–अ‍ॅडम्स घेतले आहे. 1857 च्या धामधुमीत हे हिंदुस्थानात वापरले गेले होते असे विक्रेत्याने सांगितले. हे खरे असू शकते का? आणि ते बाळगायला व झाडायला काय लागते?

उत्तर : मॉडेलपुरते ते खरे असू शकते, आपल्या काकांच्या नगाबद्दल मात्र कागद असल्याशिवाय काहीच म्हणता येत नाही. रॉबर्ट अ‍ॅडम्स यांचे रिव्हॉल्व्हर 1851 सालचे. त्याच वर्षी लंडनच्या महाप्रदर्शनात कोल्ट आपला माल घेऊन उतरला होता आणि दोन्ही पक्षांत चांगलीच चुरस झाली. कोल्टचा घोडा प्रत्येक बाराला अंगठ्याने ओढावा लागे. अ‍ॅडम्सचा घोडा केवळ चाप दाबून उठे आणि पडे, त्याला अंगठ्याने ओढायची सोयच नव्हती. जवळच्या झटापटीत अ‍ॅडम्स वेगवान, पण जड चापामुळे लांबचा नेम बिघडे. रॉयल एंजिनिअर्समधील लेफ्टनंट फ्रेडरिक ब्यूमाँट यांनी 1856 साली दोन्ही रीतींनी चालणाऱ्या यंत्रणेचे पेटंट घेतले आणि हा वाद व्यवहारात मिटवला. नळी आणि सांगाडा एकाच तुकड्यातून घडवलेला, पाच बारांचा आणि मोठ्या गोळीचा, असा हा नमुना कोल्टच्या 0.36 इंची नेव्हीपेक्षा हातघाईत अधिक उपयोगी पडे, असे माझेही मत आहे. 54 बोअर म्हणजे एक पौंड शिशात 54 गोळ्या बसतील इतका व्यास, साधारण 0.44 इंच.

त्या काळी ब्रिटिश अधिकारी आपले पिस्तूल स्वखर्चाने घेत. त्यामुळे 1857–58 मध्ये अ‍ॅडम्स, ट्रॅन्टर आणि लंडनमध्ये पिम्लिको येथील कोल्टच्या कारखान्यात बनलेली नेव्ही अशी सारीच रिव्हॉल्व्हर हिंदुस्थानात आली. त्यातल्या कोणत्या नगाने खरोखर काय पाहिले, हे सरकारी नोंदीवरून कळणे म्हणूनच अवघड असते. पट्टीवर अधिकाऱ्याचे नाव कोरलेले असेल, मूळ पेटी असेल आणि ते नाव त्या काळच्या सैन्ययादीत सापडत असेल, तरच विक्रेत्याच्या कथेला किंमत द्यावी. कोरीव नाव नंतरही घालता येते, हे ध्यानात असावे.

ब्रिटनमधील कायदा या बाबतीत बराच स्पष्ट आहे. 1968 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 58(2) खाली पुराण शस्त्र केवळ कुतूहलाची किंवा शोभेची वस्तू म्हणून ठेवायचे असेल तर प्रमाणपत्र लागत नाही. 2021 पासून लागू झालेल्या नियमांनी कोणती शस्त्रे यात बसतात हेही ठरवून दिले आहे आणि केपाची रीत त्यात बसते. ते झाडायचे ठरवले की मात्र ही सूट संपते आणि त्याची नोंद फायरआर्म सर्टिफिकेटवर करून घ्यावी लागते. दारूसाठी पोलिसांकडून स्फोटक पदार्थांचे वेगळे प्रमाणपत्र काढावे लागते. येथे एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. डनब्लेनच्या शाळेतील 1996 च्या हत्याकांडानंतर ब्रिटनने 1997 साली पिस्तुलांवर बंदी आणली, परंतु तोंडातून ठासायच्या शस्त्रांना तीतून वगळले. त्यामुळे हातात धरून झाडायचे शस्त्र तिथल्या सामान्य निशाणबाजाला चालवायचे असेल तर जे थोडे मार्ग उरले, त्यांत केपाचे रिव्हॉल्व्हर हा मुख्य. 1952 साली स्थापन झालेली मझल लोडर्स असोसिएशन ऑफ ग्रेट ब्रिटन ही संस्था अशा मंडळींना मार्गदर्शन करते. काकांनी तिच्या एखाद्या स्थानिक शाखेत जावे.

प्रश्न : माझ्या रेमिंग्टनच्या प्रतिकृतीचे पहिले बारा बार उत्तम निघतात, मग सिलिंडर हाताने ढकलावा लागतो आणि थोड्या वेळाने तो अजिबात फिरत नाही. शस्त्र सदोष आहे का? साफसफाईची योग्य रीत कोणती?

उत्तर : सदोष असण्याची शक्यता कमी आहे. काळी दारू जळते तेव्हा तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घन स्वरूपात उरतो. त्यातला काही पांढऱ्या धुराच्या रूपाने उडतो आणि उरलेला नळीत, सिलिंडरच्या तोंडावर आणि मधल्या दांड्यावर बसतो. रेमिंग्टनचा हा दांडा बारीक आणि गुळगुळीत असतो, त्यावर वंगण टिकत नाही. कोल्टचा दांडा जाड असून त्यावर वंगण धरून ठेवणाऱ्या खाचा आहेत, त्यामुळे दिसायला लेचापेचा असूनही कोल्ट अधिक वेळ चालत राहतो. आपण प्रत्येक दोन फेऱ्यांनंतर, सर्व कप्पे रिकामे असल्याची खात्री करून, सिलिंडर काढावा, त्याचे तोंड आणि दांडा ओलसर फडक्याने पुसावा आणि दांड्याला वंगण लावावे. अडचण बहुतेक एवढ्याने दूर होईल.

वंगणाची निवडही तितकीच महत्त्वाची आहे. दुकानातले खनिज तेल आधुनिक बंदुकीला चालते, पण काळ्या दारूच्या राखेशी मिसळले की त्याचे डांबरासारखे चिकट थर होतात. मधमाशीचे मेण आणि चरबी किंवा वनस्पती तेल यांचे मिश्रण घ्यावे. जुन्या लोकांनी तेच वापरले आणि त्यापेक्षा चांगले अजून सापडलेले नाही. गोळीवर हे वंगण भरल्याने किंवा दारू आणि गोळीच्या मध्ये वंगण लावलेली लोकरी चकती घातल्याने राख मऊ राहते. शेजारच्या कप्प्यात आग जाऊन दोन-तीन बार एकदम उडण्याचा धोकाही त्याने कमी होतो. ही आग पुढून जाते की सैल केपांमुळे मागून, यावर निशाणबाजांत जुना वाद आहे. मी दोन्हीकडून काळजी घेण्याच्या बाजूचा आहे. गोळी शुद्ध मऊ शिशाची आणि कप्प्याच्या तोंडापेक्षा किंचित मोठी असावी, म्हणजे ती दाबताना तिच्या कडेचे एक पातळ कडे कापले जाते आणि कप्पा घट्ट बंद होतो. असे कडे निघाले नाही तर ती गोळी लहान आहे असे समजावे. केप निपलवर घट्ट बसणारी असावी, चिमटून बसवलेली नसावी. फुटलेल्या केपेचे तुकडे घोड्याच्या खाचेत अडकूनही यंत्रणा थांबते, विशेषतः कोल्टमध्ये. त्यावरही योग्य मापाची केप आणि चांगला निपल हाच उपाय आहे.

भरतानाचे काही नियम मात्र मोडू नयेत. दारूच्या कुपीतून थेट कप्प्यात दारू ओतू नये, कारण आत ठिणगी राहिली असेल तर ती कुपीपर्यंत पोहोचेल. आधी मोजलेली एकेका बाराची दारू लहान नळकांड्यातून ओतावी. गोळी दारूवर टेकेपर्यंत दाबावी, मध्ये पोकळी राहू देऊ नये. केपा सर्वांत शेवटी आणि निशाणाच्या रेषेवर उभे राहिल्यावरच लावाव्यात. मात्रा निर्मात्याच्या पुस्तिकेतली घ्यावी. डोळ्यांवर चष्मा आणि कानांवर संरक्षण हवेच. आणि या शस्त्रात बिनधुराची आधुनिक दारू कधीही, चिमूटभरसुद्धा, घालू नये; तिचा दाब ही रचना सोसू शकत नाही आणि फुटलेले सिलिंडर बोटे घेऊन जाते.

घरी आल्यावर साफसफाई दुसऱ्या दिवसावर ढकलू नये. राखेतील क्षार पावसाळ्यातल्या मिठासारखे हवेतले पाणी ओढून घेतात आणि त्याखाली लोखंड रात्रीत गंजते. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात; म्हणून लाकडी मूठ उतरवून, गरम पाणी आणि साधा साबण यांनी नळी व सिलिंडर धुवावेत, निपल सोडवून वेगळे धुवावेत, सर्व भाग कोरडे पुसून ऊबदार जागी ठेवावेत आणि मग हलके तेल लावावे. पुढच्या वेळी भरण्याआधी हे तेल पुसायला विसरू नये आणि निशाणाकडे तोंड करून रिकाम्या कप्प्यांवर एकेक केप उडवून निपलची छिद्रे मोकळी करून घ्यावीत.

प्रश्न : लिलावांत आणि जुन्या वस्तूंच्या मेळ्यांत नकली माल फार असतो असे ऐकतो. खरे मूळ रिव्हॉल्व्हर कसे ओळखावे?

उत्तर : पूर्ण ओळख अनुभवानेच होते, तरी काही गोष्टी दहा मिनिटांत तपासता येतात. सर्वांत सोपी फसवणूक म्हणजे इटालियन प्रतिकृती झिजवून, गंजवून, जुनी म्हणून विकणे. अशा नगावर गार्दोनेच्या चाचणीगृहाचे शिक्के, त्यांत चांदणीखालील 'पीएन' ही अक्षरे, आणि उत्पादनवर्षाची सांकेतिक खूण असते. 1975 पासून ही खूण दोन अक्षरांची आहे. 'फक्त काळी दारू' अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर नळीवर असेल तर प्रश्नच मिटला, कारण 1860 साली दुसरी दारूच नव्हती. हे शिक्के कानशीने घासून काढलेले असतात, म्हणून नळीच्या खालच्या बाजूला आणि गोळी दाबायच्या दट्ट्याच्या मागे पृष्ठभाग अकारण खोलगट दिसतो का, हे तिरप्या उजेडात पाहावे. पितळी सांगाड्याचे 0.44 इंची 'नेव्ही' कोणी दाखवले तर नम्रपणे पुढे जावे. कोल्टने असे काही बनवले नाही, आणि दक्षिणेत ग्रिसवोल्ड अँड गनिसन यांनी जॉर्जियात बनवलेली पितळी सांगाड्याची रिव्हॉल्व्हर 0.36 इंची होती.

दुसरा, अधिक नाजूक प्रकार म्हणजे अनेक मूळ भाग एकत्र करून घडवलेले रिव्हॉल्व्हर. कोल्टच्या सांगाड्यावर, नळीवर, चापाच्या कड्यावर आणि मुठीच्या पट्टीवर अनुक्रमांक असतो, सिलिंडरवरही असतो. ते सारे जुळावेत. पाचरीवरचा अनुक्रमांकही पाहावा, कारण पाचर हरवण्यासारखा भाग असल्याने ती बहुधा बदललेली असते आणि ती जुळली तर वस्तूची प्रतिष्ठा वाढते. इंग्लंडमध्ये विकल्या गेलेल्या नगांवर लंडनच्या चाचणीगृहाचे मुकुटाखालील 'जीपी' आणि 'व्ही' हे शिक्के नळीवर आणि सिलिंडरच्या कप्प्यांमध्ये दिसतात. रेमिंग्टनच्या नळीवर 14 सप्टेंबर 1858 ही पेटंटची तारीख असते आणि तिच्यावरून सर्वजण त्याला '1858' म्हणतात, परंतु ज्याला न्यू मॉडेल म्हणतात ते प्रत्यक्षात 1863 पासून बनले. विक्रेता '1858 सालचा नग' म्हणून जास्त पैसे मागत असेल तर ही गोष्ट त्याला सांगता येईल.

आणि कृपा करून वस्तू चकचकीत करू नका. मूळ निळसर किंवा तपकिरी झालेला पृष्ठभाग, सिलिंडरवरच्या दृश्याच्या बारीक रेषा आणि अक्षरांच्या तीक्ष्ण कडा, यांतच निम्मी किंमत असते. पॉलिशच्या चाकावर एकदा धरलेले रिव्हॉल्व्हर मला खऱ्या नकलीपेक्षाही अधिक दुःखद वाटते, कारण नकलीने निदान काही नष्ट केलेले नसते. हलका गंज तेल लावून मऊ फडक्याने काढावा आणि वर ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झालेल्या सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ हात द्यावा. बहुतेक संग्रहालये एवढ्यावरच थांबतात.

प्रश्न : धातूचे काडतूस निघाल्यावरही अमेरिकेत केपाची रिव्हॉल्व्हर इतकी वर्षे का बनत राहिली?

उत्तर : पेटंटमुळे. काडतूस मागून घालायचे तर सिलिंडरचे कप्पे आरपार हवेत आणि या कल्पनेचे पेटंट रोलिन व्हाइट यांनी एप्रिल 1855 मध्ये घेतले होते. स्मिथ अँड वेसन यांनी दर नगामागे 25 सेंट देऊन त्याचे हक्क मिळवले, आणि पेटंट 1869 साली संपेपर्यंत बाकीच्यांना गप्प बसावे लागले. यादवी युद्धातील रिव्हॉल्व्हर बहुतांशी केपाची होती याचे हे एक मोठे कारण आहे.

प्रश्न : या शस्त्रांच्या स्पर्धा होतात का?

उत्तर : होतात. एमएलएआयसी ही आंतरराष्ट्रीय समिती 1971 पासून ठासणीच्या शस्त्रांच्या स्पर्धा भरवते. त्यातील 'मारिएट' ही केपाच्या रिव्हॉल्व्हरची स्पर्धा 25 मीटरवर, एका हाताने नेम धरून होते. 30 मिनिटांत 13 बार काढायचे आणि त्यांतले सर्वोत्तम 10 धरायचे, असा नियम आहे. या अर्ध्या तासात भरणेही आलेच, म्हणून इथे घाई करणारा हमखास मागे पडतो. 50 मीटरवरच्या रिव्हॉल्व्हर-स्पर्धेला 'डोनाल्ड माल्सन' असे नाव आहे. जपानी तोड्याच्या बंदुकीसाठीही 'तानेगाशिमा' नावाची स्पर्धा आहे, जी आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकीचे संग्राहक कुतूहलाने पाहतील.

प्रश्न : सातारा जिल्ह्यातील आमच्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर पणजोबांच्या पेटीत केपाचे एक रिव्हॉल्व्हर सापडले आहे. त्यावर गंज आहे, पण घोडा हलतो. ते साफ करून दिवाणखान्यात लावावे असे घरच्यांना वाटते. एका ओळखीच्या माणसाने परदेशातील संग्राहकाला विकून देण्याची तयारी दाखवली आहे. काय करावे?

उत्तर : प्रथम त्याचा घोडा पुन्हा हलवू नका. पेटीत ठेवलेली केपाची शस्त्रे भरलेल्या अवस्थेत सापडणे मुळीच दुर्मिळ नाही, आणि कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही पेट घेते. नळीत डोकावू नका, सिलिंडर उपसू नका, उष्णता देऊ नका, मुलांना त्या खोलीत जाऊ देऊ नका. छायाचित्रे घ्यायची तर नळीचे तोंड रिकाम्या भिंतीकडे असू द्या आणि वस्तू जिथे आहे तिथेच ठेवा.

दुसरी बाब कायद्याची, आणि इथे 'जुने आहे म्हणजे चालते' ही समजूत धोक्याची आहे. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 45(सी) ने जुन्या धाटणीच्या, पुरातन मूल्य असलेल्या किंवा मोडक्या शस्त्रांना सूट दिली आहे, पण अट अशी की ते दुरुस्ती करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसावे. ज्याचा घोडा हलतो ते रिव्हॉल्व्हर या अटीत बसते असे मालकाने स्वतःच ठरवू नये. 2020 साली नियमांत झालेल्या दुरुस्तीने क्युरिओ (दुर्मिळ जुनी वस्तू) या वर्गातील लहान शस्त्र भारतीय नागरिकाने नुसते बाळगण्यासाठी परवान्याची अट काढली. वापरायला, सोबत न्यायला किंवा वाहतूक करायला मात्र परवाना लागतोच. आपली वस्तू त्या वर्गात येते की नाही, याचा निर्णय लेखी मिळवा. आपल्या बाबतीत परवाना प्राधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी, आणि आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्त. स्थानिक पोलीस ठाण्यात वस्तू कुठे, कशी आणि केव्हा सापडली याचा साधा लेखी अर्ज छायाचित्रांसह द्या, पोच घ्या आणि ती भरलेली असू शकते हे त्यात स्पष्ट लिहा, म्हणजे तपासायला शस्त्रांची जाण असलेला माणूस येईल. वस्तू पिशवीत घालून स्वतः ठाण्यात नेऊ नका. हेतू चांगला असला तरी ती विनापरवाना वाहतूकच होते. पणजोबांच्या नावचा जुना परवाना कागदपत्रांत आहे का तेही पाहा, कारण 1878 च्या शस्त्र कायद्यानंतर आपल्याकडे खासगी शस्त्रांच्या नोंदी ठेवल्या जात आणि असा कागद मिळाला तर वारसाहक्काची बाजू पुष्कळ सोपी होते. वस्तूच्या इतिहासाचाही तोच सर्वांत चांगला पुरावा असतो.

विक्रीबाबत उत्तर थोडक्यात देता येईल. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावशेष व कला संपदा अधिनियम 1972 खाली पुरावशेष ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. आपल्या ओळखीच्या गृहस्थांना नकार कळवावा आणि त्यांना दिलेली छायाचित्रे परत मागावीत. घरात ठेवण्याची परवानगी मिळाली नाही, किंवा जबाबदारी नको वाटली, तर जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत ती एखाद्या सरकारी वा विश्वस्त संग्रहालयाला देण्याचा पर्याय राहतो. देणगीपत्रात पणजोबांचे नाव आणि गाव घालण्याची अट आपण लिहून घेऊ शकता. साफसफाईचा निर्णय मात्र त्या संग्रहालयाच्या जतनतज्ज्ञावर सोडावा आणि तोपर्यंत पेटीला कोरड्या जागी कुलूप घालून ठेवावे.